उघडून पाहण्याचा छंद

छंदाचे समर्थन सहसा कोणी मागत नाही. तिकिटे जमवणाऱ्याला, पक्षी पाहण्यासाठी पहाटे तळ्याकाठी जाऊन बसणाऱ्याला किंवा गच्चीवरच्या कुंड्यांतून वांगी-मिरच्या पिकवणाऱ्याला समाजाने त्याची जागा केव्हाच देऊन टाकली आहे. माझ्या छंदाचे मात्र तसे नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक आणि टीव्हीला जोडून खेळायची जुनी यंत्रे मी मिळवतो, उघडतो, त्यांतले बिघडलेले भाग बदलतो आणि ती पुन्हा चालती करतो. हे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "पण याचा उपयोग काय?" वाचकहो, हाच प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो दाबून ठेवू नका. तो रास्त आहे. आपल्या खिशातल्या फोनची स्मृती ज्या यंत्राच्या हजारो पटींनी मोठी आहे, त्या यंत्रासाठी रविवारची दुपार खर्च करणाऱ्या माणसाने काहीतरी उत्तर दिलेच पाहिजे. ते उत्तर शोधताना तुम्हाला थोडे माझ्याबरोबर त्या यंत्रांच्या झाकणाखाली उतरावे लागेल.

प्रथम एका यंत्राची ओळख करून देतो. इंग्लंडमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा संगणक जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. संगणक म्हणजे मोठ्या संस्थांच्या थंडगार खोल्यांत ठेवायची वस्तू, ही समजूत मोडून काढणाऱ्या मोजक्या यंत्रांत त्याची गणना होते. आकाराने तो एखाद्या जाड वहीएवढा होता. रंग काळा, कोपऱ्यात इंद्रधनुष्याचा तिरपा पट्टा, आणि खोडरबरासारख्या मऊ अशा चाळीस कळा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता; घरचा टीव्हीच पडद्याचे काम करी. माहिती साठवण्यासाठी तबकडी नव्हती. गाणी ऐकण्याचा साधा कॅसेट रेकॉर्डर त्यासाठी पुरे होई. चालू-बंद करण्याचे बटणही नव्हते. वायर खोचली की यंत्र जागे होई आणि काढली की झोपी जाई.

जागे झाल्यावर हे यंत्र जे करते ते आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. ते काहीच करत नाही. पांढरट पडद्याच्या तळाशी निर्मात्याचे नाव आणि सालाची एक ओळ उमटते आणि यंत्र थांबते. कोणतेही चित्र नाही, निवडीची यादी नाही, जाहिरात नाही, खाते उघडण्याची विनंती नाही. तुम्ही काय सांगता याची ते वाट पाहत असते. मग तुम्ही 'पी' ही कळ दाबता आणि पडद्यावर 'प्रिंट' हा सबंध शब्द उमटतो, कारण प्रत्येक कळीवर बेसिक या संगणकीय भाषेतील आज्ञाच छापलेल्या आहेत. या यंत्राच्या मालकाला त्याची भाषा शिकल्यावाचून गत्यंतरच नव्हते. कॅसेटवरून विकतचा खेळ चढवायचा असला, तरी 'लोड' ही आज्ञा त्याला स्वतःच द्यावी लागे. खेळायला बसलेले मूल अशा रीतीने नकळत आज्ञा देण्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राही. आणि एकदा उंबरठ्यावर आलेले मूल आत डोकावल्याशिवाय राहत नाही.

आता तळाचे स्क्रू सोडवून झाकण उचलू. आत एकच हिरवट फलक दिसतो. त्यावर झेड-८० जातीचा प्रोसेसर आहे. तो एका सेकंदात पस्तीस लाख ठोके घेतो. शेजारी फेरांटी कंपनीची एक चिप आहे. पडद्यावर चित्र काढणे, कळा वाचणे आणि कॅसेटचा आवाज ऐकणे ही सारी कामे ती सांभाळते. एका चिपमध्ये यंत्राची कायमची विद्या साठवलेली आहे, आणि उरलेल्या रांगा स्मृतीच्या चिप्सच्या. प्रोसेसरमधून पत्ता सांगणाऱ्या सोळा तारा निघतात. सोळा तारांवर शून्य आणि एक यांच्या जेवढ्या जुळण्या होऊ शकतात, तेवढे म्हणजे ६५,५३६ पत्ते या यंत्राला ठाऊक आहेत. पहिले १६ किलोबाइट कायमच्या विद्येचे, पुढचे ४८ तुमचे. त्यापलीकडे जग नाही. गावाची शीव जशी एका नजरेत दिसावी, तशी या यंत्राची सारी हद्द माणसाच्या मनात मावते. कोणत्या पत्त्यावर पडदा राहतो, कोणत्या पत्त्यावर तुमची आज्ञावली सुरू होते, हे काही आठवड्यांत पाठ होऊन जाते.

या हद्दीत राहण्यासाठी केलेली काटकसर पाहण्यासारखी आहे. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा म्हटले, तर स्मृतीचा मोठा वाटा रंगांतच संपला असता. म्हणून रचनाकारांनी पडद्याचे आठ-आठ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पाडले आणि एका चौकोनात दोनच रंग, असा नियम केला. त्यामुळे सगळे चित्र ६,९१२ बाइटांत बसले. याची किंमतही होती. हिरव्या झाडासमोरून लाल माणूस चालत गेला, की झाडाचा तुकडा क्षणभर लाल होई. पण याच नियमात राहून त्या काळच्या चित्रकारांनी अशी दृश्ये रचली, की पाहणाऱ्याला नियमाचा विसर पडावा. वारली चित्रकाराजवळ तांदळाच्या पिठाचा एक पांढरा रंग आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढेच आकार असतात. तरी भिंतीवर अख्खे लग्न नाचू लागते. अडचण जिथे स्पष्ट असते, तिथे कल्पनेला पाय रोवायला जागा मिळते.

दुसरी काटकसर मला अधिक हृद्य वाटते. ४८ किलोबाइटच्या यंत्रातील वरच्या ३२ किलोबाइटांसाठी कंपनीने चक्क सदोष चिप्स विकत घेतल्या. त्या प्रत्यक्षात दुप्पट क्षमतेच्या होत्या. पण कारखान्यात तपासताना त्यांचा अर्धा भाग निकामी निघाला होता. ज्यांचा एकच अर्धा भाग सारखा निर्दोष आहे, अशा आठ चिप्स एकत्र बसवायच्या आणि फलकावर तारेचा एक लहान तुकडा जोडून कोणता अर्धा भाग वापरायचा ते ठरवायचे. घराघरांतील मुलांनी ज्या स्मृतीवर आपले पहिले प्रयोग केले, ती स्मृती अशी नापास झालेल्या चिप्सची होती. हे कळल्यापासून भंगारात टाकलेल्या वस्तूकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

दुरुस्तीचे काम कसे चालते, तेही थोडे सांगायला हवे, कारण माझ्या उत्तराचा एक भाग तिथे दडलेला आहे. समजा, यंत्र सुरू केल्यावर निर्मात्याच्या नावाऐवजी पडद्यावर उभ्या रेघा दिसतात. नवशिक्याला तो केवळ गोंधळ वाटतो. पण रेघांना अर्थ असतो. खालच्या स्मृतीत आठ चिप्स शेजारी-शेजारी आहेत आणि प्रत्येक बाइटाच्या आठ अंशांपैकी एकेक अंश एकेक चिप सांभाळते. एक चिप गेली, की दर आठ ठिपक्यांमागे एक ठिपका चुकतो. रेघ कितव्या ठिपक्यावर आहे ते मोजले, की कितवी चिप आजारी आहे ते कळते. पण चिप बदलून भागत नाही. ती का गेली, हे विचारावे लागते. या जातीच्या चिप्सना तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात : अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट. त्यांतला उणे ५ नाहीसा झाला, की चिप्स जळतात. तो निर्माण करणाऱ्या मंडलातला एक लहानसा ट्रान्झिस्टर हा या यंत्राचा नेहमीचा दुखरा भाग आहे. म्हणजे पडद्यावरच्या रेघेपासून निघालेला शोध चिपपर्यंत, चिपपासून विद्युतदाबापर्यंत आणि तिथून हरभऱ्याएवढ्या एका भागापर्यंत जातो. हाती मल्टिमीटर असतो आणि मनात एका वेळी एकच प्रश्न. दोन प्रश्न एकदम विचारले, तर आलेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे हे कळत नाही. तुम्ही एखादी कठीण कविता समजून घेताना एकेका शब्दापाशी थांबता, तेव्हा याहून वेगळे काही करत नसता.

ज्या प्रसंगाने या छंदाचे मोल मला पुरते कळले, तो आता सांगतो. सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकेने ओळखीच्या माणसामार्फत माझ्याकडे एक खोके पाठवले. आत स्पेक्ट्रम, एक रेकॉर्डर आणि तीन कॅसेट होत्या. त्यांचे यजमान गणिताचे शिक्षक. १९८५ च्या सुमारास इंग्लंडहून परतलेल्या एका नातेवाइकाने त्यांना हे यंत्र दिले होते, आणि शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी त्यावर पाढ्यांची आज्ञावली लिहिली होती. ते जाऊन बरीच वर्षे झाली होती. "चालले तर पाहा, नाहीतर जसे आहे तसे परत द्या," एवढाच बाईंचा निरोप होता.

यंत्र दोन रविवारांत चालू झाले. कळफलकाखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी कालमानाने कडक होऊन तुटली होती. ती नवी बसवली. कॅसेटचे काम अवघड होते. या यंत्राची आज्ञावली फितीवर आवाजाच्या रूपाने राहते. शून्यासाठी आखूड लहर आणि एकासाठी तिच्या दुप्पट लांबीची, अशा हजारो लहरी एकामागून एक. त्या वाजू लागल्या की प्रथम एकसुरी शीळ ऐकू येते आणि पडद्याच्या कडेने लाल-निळसर पट्टे सरकतात. मग कर्कश घरघर सुरू होते आणि पट्टे निळे-पिवळे होतात. ४८ किलोबाइटचे यंत्र भरायला साधारण पाच मिनिटे लागतात, आणि पाचव्या मिनिटाला एक लहर हुकली तरी सारे फुकट जाते. बाईंच्या कॅसेटवर 'आर टेप लोडिंग एरर' हा एकच संदेश पुनःपुन्हा येत राहिला. रेकॉर्डरचा रबरी पट्टा चिकट झाला होता, तो बदलला. ध्वनी वाचणाऱ्या भागाचा कोन बारीक स्क्रूने एकेक केसभर फिरवून पाहिला. शेवटी फितीवरचा आवाज आजच्या संगणकात उतरवून घेतला आणि त्याचा आलेख पडद्यावर मोठा करून लहरी तपासल्या. तीन जागी फितीचा लेप झडला होता. तिथल्या लहरींची लांबी आगच्या-मागच्या लहरींवरून ठरवावी लागली. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी पडताळणीचा एक अंक असतो. आधीच्या सगळ्यांचा हिशेब त्याच्याशी जुळला पाहिजे. चौथ्या रात्री तो जुळला.

पडद्यावर जे उमटले, त्याची मला अपेक्षा नव्हती. अंक देवनागरी होते. या यंत्राला रोमन लिपीच येते; पण आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनात स्वतःची चिन्हे रचण्यासाठी त्यात एकवीस जागा मोकळ्या ठेवलेल्या आहेत. गुरुजींनी त्यांतल्या दहा जागांवर शून्य ते नऊ हे अंक बसवले होते, आणि आणखी तीन जागांवर पाव, अर्धा आणि पाऊण यांच्या जुन्या हिशेबी उभ्या रेघा. एका चिन्हाला आठ संख्या लागतात. प्रत्येक संख्या म्हणजे ठिपक्यांची एक ओळ. म्हणजे तेरा चिन्हांसाठी १०४ संख्या. त्या त्यांनी आलेखाच्या वहीवर चौकोन काळे करून, मोजून, एकेक करून भरल्या असणार. आणि पाढे साधे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे यंत्र विचारत होते. उत्तर बरोबर आले की पडद्याची कडा हिरवी होत होती.

बाई स्वतः येऊन माझ्या टेबलापाशी बसल्या. त्यांनी काही वेळ नुसते पाहिले. मग पडद्यावरच्या एका अंकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा नऊ त्यांचाच. शेपूट खालपर्यंत ओढायचे." चौसष्ट ठिपक्यांच्या चौकोनात एखाद्या माणसाचे हस्ताक्षर मावू शकते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. नंतर आम्ही आज्ञावलीच्या ओळी वाचत गेलो. बेसिक भाषेत 'रेम' नावाचा एक शब्द आहे. त्यापुढे लिहिलेले यंत्र वाचत नाही, ओलांडून जाते. ती ओळ फक्त माणसासाठी असते. शेवटच्या भागात अशी एक ओळ होती. रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहिलेली : 'औटकी राहिली.' साडेतीनचा पाढा त्यांना पुढे भरायचा होता. मी बाईंना विचारले, "मी पुरी करून देऊ का? तासाभराचे काम आहे." त्या म्हणाल्या, "नको. राहिली आहे, तशीच राहू द्या." दुरुस्ती करणाऱ्याने कुठे थांबावे, याचा याहून नेमका धडा मला कोणी दिला नाही.

तुम्ही म्हणाल, असे गुरुजी आणि असे यंत्र किती घरांत असणार? फार थोड्या, हे खरे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या संगणक साक्षरता प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक आपल्याकडच्या निवडक शाळांत पोचला. पण घरात संगणक असणे ही तेव्हा अपूर्वाई होती. सामान्य मराठी घरात संगणकाच्या कुळातले जे यंत्र पहिल्यांदा आले, ते संगणक म्हणून आलेच नाही. ते 'व्हिडिओ गेम' म्हणून आले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे खेळयंत्र काढले. त्याच्या असंख्य नकला पुढच्या दशकात आशियाच्या बाजारांत पसरल्या, आणि नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत त्या येऊन पोचल्या. खेळाच्या चपट्या प्लॅस्टिकच्या डबीला आपण सरसकट 'कॅसेट' म्हणू लागलो, जरी तिच्यात फीत नव्हती. 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' असे वर छापलेले असे आणि आत पाच-सहाच खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरत असत, हे तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल.

कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा त्या काळचा सार्वत्रिक उपचार होता. फुंकरीने फायदा होत नाही. उलट श्वासातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या हळूहळू गंजतात. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने संपर्क जुळे, आणि श्रेय फुंकरीला मिळे. आज मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने त्या पट्ट्या पुसतो, तेव्हा बहुतेक कॅसेट पहिल्याच प्रयत्नात बोलू लागतात.

त्या यंत्रातही काटकसरीचे नवल आहेच. कामासाठी त्याच्याजवळ फक्त दोन किलोबाइट स्मृती होती. १९८५ चा 'सुपर मारियो ब्रदर्स' हा अवघा खेळ ४० किलोबाइटांत बसला आहे. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार त्यात एकच. रंग तेवढे बदललेले. लक्षावधी मुलांनी ते चित्र वर्षानुवर्षे पाहिले, पण ढग आणि झुडूप एकच आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

मात्र या नकली यंत्रांचे झाकण उघडले की माझा हात थांबतो. पुष्कळ यंत्रांत स्वतंत्र चिप्स नसतात. फलकाच्या मधोमध काळ्या डांबरासारख्या राळेचा एक थेंब असतो, आणि प्रोसेसर, चित्र, आवाज सारे त्या थेंबाखाली गाडलेले असते. बाहेरच्या वायरी, बटणे, कपॅसिटर बदलता येतात. थेंब गेला की यंत्र गेले. स्वस्ताईसाठी केलेली ती युक्ती होती, आणि तिच्यामुळेच हे यंत्र सामान्यांच्या घरी येऊ शकले, हे मान्य करायलाच हवे. तरीही त्या थेंबात मला पुढच्या काळाची चाहूल दिसते. आज आपण वापरतो ती बहुतेक साधने अशाच थेंबाकडे झुकलेली आहेत. फोनची बॅटरी डिंकाने चिकटवलेली असते, झाकणाला स्क्रू दिसत नाहीत. साधन बिघडले की ते समजून घेण्याऐवजी बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि बरेचदा तो सल्ला हिशेबाने बरोबरही असतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःलाच अनेकदा घेतला आहे. हे सारे स्मरणरंजन तर नव्हे? गतकाळ नेहमीच सोनेरी दिसतो. त्या काळी ही यंत्रे मूठभरांनाच परवडत होती. तासाच्या भाड्याने खेळ खेळू देणाऱ्या दुकानांत मुलगी क्वचितच दिसे. बेसिक शिकायचे तर इंग्रजी येणे भाग होते, आणि आपल्या लिपीसाठी गुरुजींना चौकोन काळे करावे लागले. ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. शिवाय जुने खेळच खेळायचे असतील, तर एम्युलेटर आहेत. जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवणारी आज्ञावली फोनवर उतरवली की हजारो खेळ हाती येतात. गुरुजींच्या पाढ्यांची प्रतही मी त्याच मार्गाने बाईंच्या नातीच्या फोनवर दिली. जतनाच्या दृष्टीने एम्युलेटरचे उपकार मोठे आहेत. फीत झडते, अंक झडत नाहीत.

पण यंत्राबरोबर जे जाते, ते सगळे अंकांत उतरत नाही. खेळयंत्राबरोबर येणारी बंदूक आठवा. बदकावर नेम धरून चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो, पुढच्या निमिषात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशग्राहक तो उजेड टिपतो. ही सारी वेळ जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगाशी बांधलेली आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र जरासे उशिरा उमटते, म्हणून बंदुकीला काहीच दिसत नाही. बंदूक शाबूत, यंत्र शाबूत, तरी खेळ संपला. कारण तिचा टीव्ही भंगारात गेला. वस्तू एकटी जगत नाही. तिच्यासोबत तिचे शेजारी, तिला दुरुस्त करणारे हात आणि त्या हातांतली विद्या जगावी लागते. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादा साधा ट्रान्झिस्टर मागितल्यावर जो वयस्क दुकानदार क्रमांक ऐकूनच खण उघडतो, तोही या जतनाचा भाग आहे.

स्मरणरंजनाच्या आक्षेपाला दुसरे उत्तर केंब्रिजमधून मिळते. तिथल्या विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना यंत्राशी स्वतः खटपट करण्याचा अनुभव पूर्वीपेक्षा कमी असतो, असे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. मुले कमी हुशार झाली नव्हती. घरातून आज्ञेची वाट पाहणारे यंत्र नाहीसे झाले होते आणि त्याच्या जागी तयार खेळ, तयार साधने आली होती. त्यातून रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या कॅटएवढा उघडा संगणक जन्मला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलरला विक्रीस आला. त्याच्या आवृत्त्यांना बीबीसी मायक्रोप्रमाणेच 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' अशी नावे दिली गेली. जुन्या यंत्रांतली एक गोष्ट पुन्हा हवीशी वाटली आणि ती नव्याने घडवली गेली. याला केवळ गतकाळाची ओढ म्हणता येणार नाही.

ती गोष्ट कोणती, हे आता सांगता येईल. हे छोटे यंत्र मला संपूर्ण समजू शकते. त्याच्या पडद्यावर उमटलेला ठिपका कुठून आला, हे मी तारेतारेने मागे जाऊन दाखवू शकतो. माझ्या रोजच्या जगण्यात असे दुसरे काही नाही. बँकेचा व्यवहार, प्रवासाचे तिकीट, बातमी, नोकरीचा अर्ज, सारे ज्या यंत्रणांतून जाते त्यांच्या आत काय चालते, ते मला दिसत नाही आणि कोणी दाखवतही नाही. मी विश्वास ठेवतो, कारण दुसरा मार्ग नसतो. रविवारी दोन-तीन तास मात्र मी अशा वस्तूपाशी बसतो, जी 'हे असे का?' या प्रश्नाला पूर्ण उत्तर देते. त्याने मोठ्या यंत्रणा मला कळू लागतात असे नाही. पण कळणे म्हणजे काय असते, याची चव जिभेवर राहते. आणि ज्याला ती चव ठाऊक आहे, तो न कळलेल्या गोष्टीला कळलेली समजत नाही. उपयोग म्हणतात तो मला एवढाच सांगता येतो, आणि मला तो थोडा वाटत नाही.

दिवसभराचे काम आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्या तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. तुमच्या घरातल्या माळ्यावरही एखादा मुका रेडिओ, वाटोळी तबकडी फिरवायचा टेलिफोन किंवा पिवळट पडलेला व्हिडिओ गेम असेल. काचेचा टीव्ही मात्र हौशीने उघडू नका. बंद असला तरी त्याच्यात जीवघेणा विद्युतदाब साठून राहतो. बाकीच्यांपैकी एखादी वस्तू भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी एकदा टेबलावर वर्तमानपत्र पसरा, वस्तूचा वीजपुरवठा तोडल्याची खात्री करा, बॅटरी काढून ठेवा आणि तळाचे स्क्रू सोडवा. स्क्रू वाटीत ठेवा, नाहीतर एखादा हमखास घरंगळतो. आत काय आहे ते फक्त पाहा. वस्तू चालू झालीच पाहिजे असे नाही.